रंगीत चित्रावर विश्वास किती ठेवायचा?

सिम्युलेशन चाललं, स्क्रीनवर लाल-पिवळं-निळं चित्र आलं, की आपण खूश! प्रिंटआउट काढायचा, रिपोर्टला जोडायचा आणि मोकळं व्हायचं. पण व्हायव्हाला सरांनी "हा आकडा बरोबर कशावरून?" असं विचारलं, की घसा कोरडा. निदान रेडिएशनच्या बाबतीत तरी या प्रश्नाचं उत्तर कॅल्क्युलेटरवर मिळतं.

१ मीटर बाजूच्या दोन चौरस, काळ्या प्लेट्स घ्या. समोरासमोर, १ मीटर अंतरावर. एक ५२७ अंश सेल्सिअसला (८०० केल्विन), दुसरी २२७ला (५०० केल्विन). स्टीफन-बोल्ट्झमनच्या नियमात तापमानाचा चौथा घात येतो. दोन्ही चौथ्या घातांची वजाबाकी गुणिले ५.६७ × १०⁻⁸, म्हणजे १९,६८१ वॅट. प्लेट्स अमर्याद मोठ्या असत्या तर दर चौरस मीटरला एवढी उष्णता गेली असती. आपल्या प्लेट्स मात्र छोट्या आहेत. एकीतून निघालेल्या किरणांचा जो हिस्सा दुसरीवर पोचतो तो व्ह्यू फॅक्टर, इथे ०.१९९८. पाचातले चार किरण बाजूने पसार! उत्तर ३,९३२ वॅट.

आता गंमत बघा. समजा कुणी केल्विनऐवजी सेल्सिअस घातले, वर व्ह्यू फॅक्टरही १ धरला. उत्तर येतं ४,२२३ वॅट. फक्त ७ टक्के फरक! "मेश बारीक केली की जुळेल" म्हणत हा गडी पाससुद्धा होईल. मेसच्या भाजीत मीठ आणि पाणी दोन्ही जास्त पडावं आणि चव ठीक लागावी, तसं हे.

म्हणून एकच आकडा जुळवून थांबू नका, इनपुट हलवून बघा. दोन्ही केल्विन तापमानं दुप्पट केली की उष्णता बरोबर १६ पट व्हायला हवी. सेल्सिअसवाल्याची जवळजवळ ३८ पट होते, लगेच पकडला जातो. प्लेट्स लांब सरकवा. आकडा ढिम्म हलला नाही, तर व्ह्यू फॅक्टर घरीच राहिलाय.

मॉन्टे कार्लो वापरत असाल तर एका प्लेटवरून १ लाख किरण सोडा. साधारण १९,९८० दुसरीवर आदळतील. शंभर-सव्वाशेचा फरक नेहमीचाच. किरण चौपट केले की टक्केवारीतली चूक निम्मी होते. फरक हजारांत गेला, तर मात्र किरणांच्या दिशा तपासा. त्या लॅम्बर्टच्या कोसाइन नियमाने निवडायच्या असतात, सगळीकडे सारख्या वाटून चालत नाही.