रोहिणी, मृग आणि चांद्याचा उन्हाळा

उन्हाळा सर्वत्र येतो. परंतु उन्हाळ्याचा शेवट सर्वत्र सारखा नसतो. पुण्याकडील वाचकांस वैशाखांत वळिवाच्या एकदोन सरी येऊन गेल्या म्हणजे ताप उतरल्यासारखें वाटतें. आमच्या भद्रावतीकडे, ज्या गांवास जुनीं माणसें अद्याप भांदकच म्हणतात तिकडे, खरी कसोटी त्यापुढेंच लागते. मे महिन्याचा शेवटचा आठवडा आणि जूनचा पहिला पंधरवडा हे तीन आठवडे ज्यानें चांदा जिल्ह्यांत काढले, त्यास उन्हाळ्याविषयीं फारसें कांहीं शिकवावें लागत नाहीं. तरी पण हवेविषयीं बोलण्याचा नाद असलेले आम्ही चारपांच जण येथें आहोंत. कोणी कोळसा खाणींतून निवृत्त झालेला, कोणी कास्तकार, कोणी पंचांग पाहणारा. सायंकाळीं भद्रनागाच्या देवळाकडे बसणें झालें म्हणजे ‘यंदा मृग कसा?’ या एका प्रश्नावर तास दोन तास सहज जातात. त्या चर्चेंतील जो भाग मला विचारार्ह वाटला, तो वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम उष्णतेचा विचार करूं. आमचें गांव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें वीस अंशांवर आहे. त्यामुळें सूर्य आमच्या डोक्यावर बरोबर येतो तो कर्कसंक्रमणाच्या दिवशीं नव्हे, तर त्याच्या महिनाभर आधीं, मेच्या २१ तारखेच्या सुमारास. त्या दिवशीं मध्यान्हीं अंगणांत सरळ काठी रोवून पाहावी. तिची सावली तिच्या बुडाशींच लुप्त होते. मुलांना दाखविण्यासारखी ही गोष्ट आहे, आणि तीस कांहीं खर्चही लागत नाहीं. पुढें सूर्य उत्तरेकडे जातो व परततांना जुलैच्या २२-२३ तारखेस पुनः आमच्या डोक्यावर येतो. पण तेव्हां आभाळ भरलेलें असतें व ती दुसरी भेट कोणाच्या ध्यानांतही येत नाहीं. म्हणजे सूर्य माथ्यावर आल्यापासून ढग येईपर्यंतचा जो अवधि, तोच आमच्या तापाचा परमावधि. जमीन आधींच तापलेली असते, नदीनाल्यांत पाणी उरलेलें नसतें, वायव्येकडून कोरडे वारे येतात आणि समुद्र कोणत्याही बाजूस जवळ नाहीं.

याच अवधींत सूर्याचा रोहिणी नक्षत्रांत प्रवेश होतो. मेच्या २५ तारखेपासून पहिले नऊ दिवस म्हणजे लोकांचा ‘नवतपा’. आमच्यांतील इंग्रजी शिकलेले कांहीं जण यास हंसतात. त्यांनीं चंद्रपूरचे आंकडे पाहावे. २००७ सालीं तेथील पारा ४९ अंश सेल्सियसपर्यंत चढला तो २ जून रोजीं, म्हणजे नवतप्याच्या अगदीं नवव्या दिवशीं. आणि २०१९ सालीं ४८ अंशांचा जो दिवस गाजला तोही मेच्या अखेरच्या आठवड्यांतला. येथील पुष्कळ लोक या सर्वाचा दोष औष्णिक विद्युत् केंद्राला देतात. धूर व राख यांचा त्रास खरा आहे; परंतु तें केंद्र उभें राहण्यापूर्वींही चांद्याचा उन्हाळा असाच प्रसिद्ध होता, हें विसरतां कामा नये.

आंकड्यांवरून एक गोष्ट निघते. हल्लीं कोणीही उठतो आणि ‘आज बावन अंश होतें’ असें सांगतो. विचारलें तर मोटारींतील यंत्रावर पाहिलेलें असतें, किंवा भिंतीवर उन्हांत टांगलेल्या उष्णतामापकावर. उन्हांत टांगलेला उष्णतामापक हवेचें तपमान दाखवीत नाहीं. तो स्वतः किती तापला तें दाखवितो. वेधशाळेंत तो पांढऱ्या रंगाच्या, दुहेरी झडपांच्या लांकडी पेटींत, जमिनीपासून सुमारें सव्वा मीटर उंचीवर ठेवलेला असतो. ही पेटी थॉमस स्टीव्हन्सन या स्कॉटिश इंजिनिअरानें योजिली. ‘ट्रेझर आयलंड’ लिहिणारा स्टीव्हन्सन हा त्याचाच मुलगा, हें शाळेंत सांगितलें म्हणजे मुलें त्या पेटीकडे जरा आदरानें पाहतात! यंत्रें स्वयंचलित झालीं म्हणून चूक टळते असेंही नाहीं. २०२४ च्या मेअखेर नागपुरांतील एका स्वयंचलित यंत्रानें ५६ अंश दाखविले आणि वर्तमानपत्रांत एकच हलकल्लोळ झाला. यंत्रांत बिघाड असल्याचें पुढें हवामान खात्यानें सांगितलें. पण तें वाचणारे थोडे. भारतांतील अधिकृत उच्चांक राजस्थानांतील फलोदी येथील १९ मे २०१६ चा, ५१ अंशांचा आहे.

आतां घरांतील मंडळींनीं विशेष लक्ष द्यावें असा भाग. उन्हाळ्याच्या शेवटीं पारा चारपांच अंशांनीं उतरतो, आणि तरीही जीव अधिक कासावीस होतो. याचें कारण हवेंतील ओलावा. एका उष्णतामापकाच्या बुडास ओलें फडकें गुंडाळलें म्हणजे तो साध्या उष्णतामापकापेक्षां कमी अंश दाखवितो, कारण फडक्यांतील पाणी उडून जातांना उष्णता घेऊन जातें. घामाचें व आपल्या शरीराचें नातें हेंच. मेमध्यें ४५ अंश ताप असून हवा कोरडी असली, तर ओल्या फडक्याचा उष्णतामापक २४ च्या आसपास असतो. मृगाच्या तोंडीं ताप ३८ वर येतो, पण हवा निम्म्याहून अधिक ओली झालेली असते आणि तो दुसरा पारा ३० वर जातो. घाम येतो, पण वाळत नाहीं. वाळ्याच्या ताट्या काय किंवा हल्लींचे कूलर काय, दोन्ही पाण्याच्या बाष्पीभवनावरच चालतात. म्हणून मेमध्यें वरदान ठरलेला कूलर जूनमध्यें नुसता दमट वारा फेंकतो. अशा दिवसांत खिडक्या बंद ठेवून कूलर लावणें हितावह नाहीं. घरांतील वृद्ध माणसें मेचें ऊन सोसतात आणि जूनच्या उकाड्यांत आजारी पडतात. ‘आतां ऊन उतरलें’ म्हणून त्यांच्या पाण्याकडे, पन्ह्याकडे दुर्लक्ष होतें, आणि नेमकें तेव्हांच तें व्हावयास नको.

आमच्या मंडळींत सर्वांत अधिक वाद माजतो तो नक्षत्रांवरून. आमचे पंचांगी मित्र म्हणतात कीं, मृगाचा पाऊस ही ऋषिमुनींनीं घालून दिलेली व्यवस्था आहे. संस्कृत ग्रंथांविषयीं मला त्यांच्याइतकाच आदर आहे. म्हणूनच हें विधान मला मान्य नाहीं. आपलीं नक्षत्रें निरयन, म्हणजे ताऱ्यांशीं बांधलेलीं. आणि ऋतु बांधलेले आहेत ते अयनांशीं. संपातबिंदु दर वर्षीं किंचित् मागें सरकतो, तो बहात्तर वर्षांत सुमारें एक अंश. त्यामुळें ऋतूंच्या मानानें प्रत्येक नक्षत्र तितक्या वर्षांत एकेक दिवस उशिरां येऊं लागतें. वराहमिहिरानें सहाव्या शतकांत बृहत्संहितेंत स्पष्ट नमूद केलें आहे कीं, पूर्वीं आश्लेषार्धापासून होणारें दक्षिणायन आपल्या काळीं कर्कारंभीं होतें. म्हणजे तेव्हां तें पुनर्वसूंत होत असे. आज तें आर्द्राप्रवेशाच्या सुमारास होतें. हिशेब मांडला तर वराहमिहिराच्या काळीं सूर्य मृगांत येई तो आजच्या मानानें मेच्या मध्यास, म्हणजे ऐन तापांत. पानिपतच्या वर्षीं हा प्रवेश जूनच्या चार तारखेच्या आसपास होता. आज तो सात-आठ तारखेस आहे. आणि लोकमान्यांनीं १८९३ सालीं ‘ओरायन’ ग्रंथांत ज्या काळाचा विचार केला, त्या काळीं वसंतसंपातच मृगांत होता! तेव्हां मृगाच्या पावसाची सांगड ही गेल्या कांहीं शतकांतील कास्तकारांनीं प्रत्यक्ष पाहून घातलेली आहे. माझ्या मतें तिची योग्यता यामुळें कमी होत नाहीं, वाढतेच.

वाहनांची गोष्ट निराळी. सूर्य नव्या नक्षत्रांत शिरतांना सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजावें, नवांनीं भागावें, आणि बाकीवरून बेडूक, म्हैस, गाढव, उंदीर इत्यादि वाहन ठरवावें, अशी ही रीति आहे. गणित मनोरंजक आहे खरें. परंतु एकच बेडूक रत्नागिरीस व चांद्यास सारखा पाऊस कसा देणार, याचें उत्तर पंचांगांत नाहीं. कौटिल्य या बाबतींत अधिक व्यवहारी दिसतो. त्यानें कोठाराच्या आवारांत पर्जन्यमापक भांडें ठेवावयास सांगितलें आणि प्रदेशाप्रदेशाचा पाऊस वेगवेगळा दिला. जांगल प्रदेशाचा सोळा द्रोण, अवंतीचा तेवीस, आणि कोंकणाचा तर मोजण्यापलीकडचा. वराहमिहिराचा गर्भविचार, म्हणजे मार्गशीर्षापासून आभाळाचीं लक्षणें टिपून १९५ दिवसांनीं पावसाचें प्रसवन अपेक्षावें, हाही अनुमानाचा प्रयत्न होता. बुलढाणा जिल्ह्यांत भेंडवळ येथें अक्षय्य तृतीयेस होणारी घटमांडणी पाहावयास अजूनही हजारों लोक जमतात. तेथें घटावरून व धान्याच्या दाण्यांवरून वर्षाचें भाकित सांगतात. लोक तें श्रद्धेनें ऐकतात, त्यास माझी हरकत नाहीं. पण त्यावर बियाण्याचे पैसे लावूं नयेत.

कारण प्रश्न शेवटीं बियाण्याचा आहे, आणि २०२५ सालानें तो फार कठोरपणें विचारला. त्या वर्षीं मोसमी पाऊस केरळांत २४ मे रोजींच आला. इतका लवकर तो २००९ नंतर आलेला नव्हता. २६ मे रोजीं त्यानें मुंबई गांठली. सबंध देशांत मे महिन्याचा पाऊस १२६.७ मिलिमीटर झाला, १९०१ पासूनचा सर्वांत अधिक. नवतपा तपलाच नाहीं. ज्यांचीं वाळवणें, कुरड्या, वर्षाची मिरची गच्चीवर होती आणि ज्यांचीं कवेलू फेरून व्हावयाचीं होतीं, त्या घरांची त्रेधा उडाली. गडचिरोलीच्या जंगलांत तर हाच तेंदूपत्त्याचा हंगाम. तोडलेलीं पानें उन्हांत वाळलीं नाहींत तर मजुराची मेहनत मातीमोल होते. आणि मग, आला आला म्हणतां म्हणतां, पाऊस थबकला. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, जवळजवळ अठरा दिवस, मोसमी वाऱ्यांची सीमारेषा मुंबई, अहिल्यानगर, आदिलाबाद अशी एकाच ठिकाणीं खिळून राहिली. आदिलाबाद आम्हांस परकें नाहीं. पैनगंगा ओलांडली कीं तो जिल्हा लागतो. पाऊस दाराशीं येऊन उंबऱ्याबाहेर थांबावा, तसेंच तें झालें.

असें होण्याचें कारण समजून घेण्याजोगें आहे. अरबी समुद्रावरून येणारा वारा सह्याद्रीवर बहुतेक पाणी टाकून आमच्याकडे रिता येतो. आम्हांस खरा पाऊस मिळतो तो बंगालच्या उपसागरांत कमी दाबाचें क्षेत्र निर्माण होऊन तें वायव्येकडे सरकूं लागलें म्हणजे. म्हणूनच समुद्रापासून दूर असूनही चांदा-गडचिरोलीचा पाऊस अमरावती-अकोल्यापेक्षां जास्त असतो. केरळांत पाऊस केव्हां पोंचला यावरून आमच्या पावसाचा अंदाज बांधणें म्हणूनच सुरक्षित नाहीं. उपसागर निजलेला असला तर मुंबई भिजली तरी आमचें वावर कोरडें राहतें. जूनच्या मध्यानंतर उपसागर जागा झाला आणि सीमारेषा हलली.

मधल्या काळांत ज्यांनीं मेच्या ओलीवर कपाशी टोबली त्यांचें काय? बीं उगवतें, दोन पानें काढतें, आणि वर ऊन पडलें म्हणजे करपतें. मग दुबार पेरणी. म्हणजे पुनः बियाणें, पुनः मजुरी आणि पुष्कळदां पुनः कर्ज. कृषि विद्यापीठें व शेतकी खातें सांगतें कीं, ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस पडल्यावांचून पेरूं नये. आमच्या कास्तकार मित्रास मी हा आंकडा सांगितला तेव्हां तो म्हणाला, “गुरुजी, पुस्तकातला पानी अन् वावरातला पानी येगळा असते.” बोलणें खरें आहे, पण याचा उपाय वावरांतच पाणी मोजणें हा आहे. साधें पर्जन्यमापक भांडें फार महाग नाहीं, आणि दहा शेतांत मिळून एक असलें तरी पुरे. त्यानें तें मान्य केलें. मात्र शेजाऱ्याचें तिफण चालूं लागलें म्हणजे घरांत स्वस्थ बसवत नाहीं, हेंही त्यानें तितक्याच प्रांजळपणें सांगितलें.

पूर्वेकडे, ब्रह्मपुरीच्या पलीकडे धानाच्या प्रदेशांत हा हिशेब थोडा वेगळा आहे. तेथें मृगांत पऱ्हे टाकतात व पुढें पाणी सांचलें म्हणजे रोवणी करतात. मधल्या खंडांत पऱ्हे जगवावयास बोडी किंवा मालगुजारी तलाव हाताशीं असला तर निभावतें. आमच्या काळ्या जमिनीच्या पट्ट्यांत तो आधार नाहीं. २०२३ सालचा आगस्ट हा देशांत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा आगस्ट ठरला, तेव्हां ज्या गांवांतील तलावांचा गाळ काढलेला होता त्यांस त्याचा उपयोग होणें स्वाभाविक होतें. तलावाचा गाळ काढण्याचें काम होतें तें मात्र याच दिवसांत, रोहिणी सरून मृग लागण्यापूर्वीं, तळ कोरडा पडलेला असतां. आणि एकदां पहिला मोठा पाऊस झाला कीं तें वर्षभर राहून जातें.