अँटिनोअस : एका शोकातून उभे राहिलेले दैवत

मृत सम्राटास देवपद द्यावयाचे तर रोममध्ये सिनेटचा ठराव लागे. बिथिनिया प्रांतातील अँटिनोअस या तरुणास ते मिळाले ते अशा ठरावावाचूनच. तो राजकुळातील नव्हता. त्याने लढाई जिंकली नव्हती की ग्रंथ रचला नव्हता. इ. स. ११७ ते १३८ या काळात राज्य करणाऱ्या हेड्रियन बादशहाचे त्याच्यावर प्रेम होते, एवढीच त्याची ओळख. या नात्यावर 'स्नेह' या शब्दाचे पांघरूण घालणे आम्हांस इष्ट वाटत नाही. प्रौढ पुरुष व तरुण यांच्या प्रेमास ग्रीक समाजात स्थान होते आणि हेड्रियन हा मनाने ग्रीकच होता.

इ. स. १३० च्या ऑक्टोबरात, बादशहा इजिप्तच्या दौऱ्यावर असता, अँटिनोअस नाईल नदीत बुडाला. तो पाण्यात पडला, असे खुद्द हेड्रियनने लिहून ठेवले होते. इतिहासकार डिओ कॅसिअस हे नमूद करतो आणि लगेच सांगतो की, खरे पाहता त्याचा बळी दिला गेला. त्याने आपण होऊन धन्यासाठी प्राण दिला, अशीही वदंता होती. बादशहा बायकांसारखा रडला, असा टोमणा एका उत्तरकालीन चरित्रात आहे.

रडणे तेथेच थांबले नाही. दुर्घटनेच्या परिसरात, नाईलच्या पूर्वतीरावर, अँटिनोपोलिस नावाचे नगर वसले. तेथून वाळवंट ओलांडून तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरापर्यंत इ. स. १३७ मध्ये सडक झाली. हिंदुस्थानाशी होणाऱ्या व्यापाराचे हे एक मोठे बंदर. भडोचचा माल तेथे उतरे, हे बडोद्याकडील वाचकांस रुचेल. इजिप्तमध्ये मृताची ओसायरिस देवाशी सांगड घालण्यात आली. पँक्राटिस नावाच्या कवीने तांबड्या कमळास अँटिनोअसचे नाव सुचविले व त्याबद्दल त्यास अलेक्झांड्रियाच्या विद्यापीठात फुकट भोजनाचा हक्क मिळाला. (कवींस राजाश्रय याहून स्वस्तात क्वचितच पडला असेल.) ग्रीसमधील मँटिनियात त्याचे मंदिर, वार्षिक उत्सव व दर चार वर्षांनी क्रीडामहोत्सव सुरू झाला. प्रवासी पौसानियस याने त्यास जिवंतपणी पाहिले नव्हते, मूर्ती व चित्रे मात्र पाहिली होती.

हे सारे खुशामतीचे, असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे. ख्रिस्ती लेखकांनी तर या पूजेची कठोर निंदाच केली. परंतु रोमजवळील लॅन्युव्हिअम गावाचा इ. स. १३६ चा शिलालेख वाचला म्हणजे आमचे मत डळमळते. डायना देवी व अँटिनोअस यांच्या नावाने तेथे गरिबांची एक अंत्यविधी-मंडळी होती. प्रवेशवर्गणी शंभर सेस्टर्स व घडाभर चांगले मद्य. पुढे दरमहा पाच 'अस', म्हणजे सव्वा सेस्टर्स. सभासद मेला की त्याच्या अंत्यविधीस तीनशे सेस्टर्स मिळत. त्यांतले पन्नास चितेपाशी जमलेल्यांत वाटावयाचे. सभासदांत गुलामही असत. एखाद्या दुष्ट धन्याने मेलेल्या गुलामाचे प्रेत दिले नाही, तर त्याच्या प्रतिमेचा अंत्यविधी करावा, असा स्पष्ट नियम आहे. भोजनाच्या दिवसांत २७ नोव्हेंबर, म्हणजे अँटिनोअसचा जन्मदिवस, धरलेला आहे. अशा भोजनास प्रत्येकाच्या वाट्यास दोन 'असां'ची भाकरी व चार तारल्या येत.

ज्यांच्या मृत्यूची कोणी दखल घेतली नसती, अशी ही माणसे. राजवाड्यात जन्मलेल्या देवास त्यांनी आपल्या मरणाचा सोबती करून घेतले, असे आम्हांस वाटते. त्याच लेखात आणखी एक कलम आहे : जो सभासद कोणत्याही कारणाने आत्महत्या करील, त्यास अंत्यविधीचा खर्च मिळणार नाही. हे कलम अँटिनोअसच्याच मंदिरात कोरलेले होते, आणि त्याच्याविषयीची ती वदंता सभासदांच्या कानी आली असल्यास तिचे कोणतेही चिन्ह त्या दगडावर नाही.