अपूर्ण चित्र आणि अधीर हात

फ्लॉरेन्सजवळच्या एका मठासाठी लिओनार्दो दा विंचीने १४८१ साली बालयेशूच्या दर्शनास आलेल्या ज्ञानी पुरुषांचे चित्र हाती घेतले आणि ते अर्धवट टाकून मिलान गाठले. पुढच्या पिढ्यांनी त्यावर चढविलेली रोगणाची पुटे काळवंडत गेली. २०१७ साली चित्र स्वच्छ होऊन उफिझी संग्रहालयात परतले. पुटे उतरली होती; अपूर्णता मात्र तशीच राखली होती.

हा संयम अजिंठ्याच्या वाट्याला आला नाही. निजाम सरकारने १९२०च्या सुमारास चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. सुटू पाहणारा गिलावा त्यांनी भिंतीला धरून ठेवला, हे त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु चित्रांवर दिलेले लाखेचे रोगण पिवळे पडले आणि मूळ रंग त्याखाली झाकोळले. ते उतरविण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनज्ञांची कित्येक वर्षे गेली.

आण्याहून जुन्नरला गेलेल्याला मानमोडीच्या डोंगरात अर्धेच कोरलेले चैत्यगृह दिसते. ते पुरे करावे असे कोणाच्या मनातही येत नाही. गावोगावच्या जुन्या देवळांत मात्र जीर्णोद्धाराच्या नावाखाली कोरीव दगडावर ऑइलपेंटचे हात सर्रास फिरतात, आणि त्यासाठी वर्गणीही हौसेने जमते.