दुखणे जसे आहे तसे सांगणे

पहिल्यांदा झाले तेव्हा ताईने त्याला 'उन्हाळी लागली' असेच म्हटले. जुलैचा महिना होता, तोक्योचा दमट उकाडा होता आणि तिची चौदा वर्षांची लेक शाळेतून येऊन ओटीपोटाशी उशी धरून बसली होती. नागपूरहून आईने फोनवर धने-जिऱ्याचे आणि जवाचे पाणी द्यायला सांगितले. जवाचे पाणी इथे 'मुगिचा' या नावाने प्रत्येक दुकानात थंडगार मिळते, तेव्हा हा उपाय नागपुरी की जपानी यावर घरात थोडी गंमतही झाली. तिसऱ्या दिवशी लघवीत रक्त दिसले आणि गंमत संपली.

त्यानंतरच्या दहा महिन्यांत हे दुखणे पाच वेळा आले. जपानीत त्याला 'बोकोएन' म्हणतात, म्हणजे मूत्राशयाचा दाह. सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा असा संसर्ग झाला, तर वैद्यकशास्त्र त्याला वारंवार होणारा संसर्ग मानते आणि केवळ गोळ्या न देता कारण शोधावे असे सांगते. आम्हाला हे ठाऊक नव्हते. घराजवळच्या दवाखान्यात दर वेळी तेच होई. कपात लघवी द्यायची, कागदी पट्टीचा रंग पाहायचा, पाच दिवसांच्या गोळ्या घ्यायच्या आणि घरी यायचे. डॉक्टर सौम्य होते, रांग लहान होती, पैसे लागत नव्हते. तक्रार करावी असे काही दिसतच नव्हते.

मी या प्रकरणात शिरले ते चौथ्या वेळी. ताईने मला तिची 'ओकुसुरी तेचो' दाखवली. औषधांची ही छोटी वही जपानमध्ये जवळजवळ प्रत्येकाकडे असते. औषधाच्या दुकानात दिलेल्या प्रत्येक गोळीचे नाव, मात्रा आणि तारीख असलेली चिकटपट्टी तीत लावतात. चार पाने उलटली आणि चारही वेळा एकाच गटाचे औषध दिसले, तिसऱ्या पिढीतील सेफालोस्पोरिन. संगणकाच्या कामात एकच दोष त्याच दुरुस्तीनंतर चौथ्यांदा आला, तर आम्ही नोंदवह्या उघडतो. इथे नोंदवही उघडीच होती, वाचली कोणी नव्हती. पुढे वाचनात आले की या गटाच्या तोंडी औषधांचा अतिवापर ही जपानचीच जुनी चिंता आहे. २०१६ च्या राष्ट्रीय कृती आराखड्यात तोंडी सेफालोस्पोरिन, क्विनोलोन आणि मॅक्रोलाइड यांचा वापर २०१३ च्या तुलनेत निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले होते.

दोष केवळ दवाखान्याचा नव्हता, हेही लिहिलेच पाहिजे. तिसऱ्या वेळी जळजळ थांबताच ताईने दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद केल्या आणि उरलेल्या डब्यात जपून ठेवल्या. चौथ्या वेळी रविवार होता, म्हणून त्याच उरलेल्या दोन गोळ्या दिल्या. सोमवारी मी हट्टाने 'न्यो बाइयो', म्हणजे लघवीतील जंतू वाढवून पाहण्याची तपासणी, करायला लावली. अहवाल आला: काहीच वाढले नाही. वाढणार कसे? नमुना देण्याआधीच औषध पोटात गेले होते. आमच्या घरातील दोन पदवीधर आणि एक पदव्युत्तर अशा तिघांनी मिळून ती तपासणी वाया घालवली होती.

मेमध्ये पाचव्यांदा त्रास सुरू झाला तेव्हा एकही गोळी न देता आम्ही थेट 'हिन्योकिका', म्हणजे मूत्ररोगतज्ज्ञाकडे, आणि तेथून चिठ्ठी घेऊन मोठ्या रुग्णालयात गेलो. या चिठ्ठीला 'शोकाइजो' म्हणतात. ती न घेता मोठ्या रुग्णालयात पहिल्यांदा गेल्यास २०२२ च्या ऑक्टोबरपासून किमान ७,००० येन वेगळे द्यावे लागतात. विम्यातील उपचारांचा खर्च मात्र तोक्योच्या २३ विभागांत उच्च माध्यमिक वयापर्यंतच्या मुलांना द्यावा लागत नाही. एप्रिल २०२३ पासून ही सवलत त्या वयापर्यंत वाढली. म्हणजे आमच्यापुढे पैशाचा प्रश्न नव्हता. प्रश्न भाषेचा होता, आणि तोही आम्ही समजत होतो त्याच्या उलट दिशेने.

ताईचे जपानी भाजीबाजारापुरते आहे. माझे कचेरीपुरते. लेकीचे मात्र अस्खलित. त्यामुळे गेल्या दहा महिन्यांत प्रत्येक वेळी डॉक्टर विचारत, ती ऐके, आईला मराठीत सांगे, आई उत्तर देई आणि ती ते जपानीत डॉक्टरांना देई. आपल्याच दुखण्याची दुभाषी. शाळेत पाणी किती पितेस, लघवीला किती वेळा जातेस, शौचाला रोज होते का, हे प्रश्न डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत विचारले होते. आईपर्यंत ते पोहोचलेच नाहीत. लेकीने मध्येच 'सगळे नीट आहे' असे उत्तर देऊन टाकले होते. परदेशात वाढणाऱ्या मुलांकडून आपण बँकेची पत्रे वाचून घेतो, शाळेचे अर्ज भरून घेतो आणि त्यांचे कौतुक करतो. त्यांच्या आजाराचेही भाषांतर त्यांच्याकडूनच करून घेणे ही मोठी चूक आहे, हे मला त्या खोलीत उमगले.

मोठ्या रुग्णालयातील डॉक्टर बाईंनी ते ओळखले. त्यांनी ताईला आणि मला दहा मिनिटे बाहेर बसवले. किशोरवयीन मुलीला एकटीला काही नेहमीचे प्रश्न विचारायचे असतात, एवढेच सांगितले. ताईचा चेहरा उतरला. आपल्या समाजातील किती आयांना ही दहा मिनिटे सोसतील, मला शंका आहे. पण त्या दहा मिनिटांत जे निघाले ते दहा महिन्यांत निघाले नव्हते.

सकाळी साडेसातपासून दुपारी चारपर्यंत ती पाणीच पीत नव्हती. शाळेच्या शौचालयात फक्त कागद असतो. सुरुवातीला ती छोटी बाटली घेऊन जाई. एकदा मैत्रिणींनी बाटली कशासाठी म्हणून हसत विचारले. त्यात दुष्टावा नव्हता, असे तीच म्हणते, पण त्या दिवसापासून तिने जाणे बंद केले. पाण्याच्या फवाऱ्याचे 'वॉशलेट' तोतो कंपनीने १९८० साली ज्या देशात बाजारात आणले, त्या देशातील शाळेची ही गोष्ट! पाणी कमी, म्हणून बद्धकोष्ठ. बद्धकोष्ठाने मूत्राशयावर दाब. सोनोग्राफीत लघवीनंतरही मूत्राशयात बरेच मूत्र उरलेले दिसले, आणि साचलेल्या मूत्रात जंतू वाढतात. मूत्रपिंडे मात्र निरोगी होती.

माझी आजी इंदोऱ्यातल्या जुन्या वस्तीबद्दल सांगे, तेव्हा बायका पहाटे अंधारात आणि नंतर थेट दिवेलागणीला बाहेर जात. मधला दिवस कोरडा. मुंबईत २०११ पासून कोरो आणि इतर संघटनांच्या कार्यकर्त्या स्त्रियांसाठी मोफत मुताऱ्या मागत 'राइट टू पी' चळवळ चालवत आल्या. त्यातील मुमताज शेख यांचे नाव २०१५ मध्ये बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत आले. ते वाचताना हा प्रश्न आपण मागे सोडून आलो, असे मला वाटले होते.

आठवड्याने तपासणीचा अहवाल आला. जंतू नेहमीचाच, एश्चेरिशिया कोलाय, पण ईएसबीएल जातीचा, म्हणजे सेफालोस्पोरिन तोडून टाकणारे विकर बनवणारा. डॉक्टर बाईंनी विचारले, "गेल्या वर्षात भारतात गेला होता का?" ऑक्टोबरमध्ये आम्ही सारे दीक्षाभूमीवर गेलो होतो. ताई बाहेर येऊन रडली. "म्हणजे आमच्याच अंगात घाण आहे, असे म्हणायचे आहे का तिला?"

हा प्रश्न ताईच्या तोंडून आला तरी तो तिचा एकटीचा नव्हता. ज्यांच्या सावलीचा विटाळ मानला गेला, ज्यांना १९२७ मध्ये चवदार तळ्याचे पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या लेकीसुनांच्या कानाला 'तुमच्याकडून आलेला जंतू' हे शब्द सरळ ऐकू येत नाहीत. मी तिला समजावले ते असे. असे जंतू दक्षिण आशियात अधिक आढळतात आणि तिथे आठ दिवस राहून आलेल्या जपानी प्रवाशाच्या आतड्यातही ते सापडतात. ते जपानमध्येही आहेत. विटाळ जन्माला चिकटवलेला असतो. त्याला तपासणी नाही आणि उतारा नाही. संसर्ग कोणालाही होतो, काचेच्या बशीत वाढवून दाखवता येतो आणि कोणत्या औषधाने जाईल हेही सांगता येते. डॉक्टरांचा प्रश्न दुसऱ्या प्रकारचा होता. ताईला हे पटायला दोन दिवस लागले, आणि ते स्वाभाविक होते.

अहवालात फॉस्फोमायसिन लागू पडेल असे होते. ते दिले आणि या वेळी शेवटच्या गोळीपर्यंत दिले. नागपूरच्या एका नातेवाइकाने नायट्रोफ्युरँटॉइन पाठवू का म्हणून विचारले होते. ते औषध जपानमध्ये विकले जात नाही. इथल्या डॉक्टरांना न सांगता ते सुरू करणे आम्ही टाळले.

खरा उपचार त्यानंतरचा. बद्धकोष्ठावर औषध, दर तीन तासांनी घाई न करता लघवीला जाणे आणि पाणी. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, कमी पाणी पिणाऱ्या आणि वारंवार त्रास होणाऱ्या १४० स्त्रियांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी दिले. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा त्रास झाला, उरलेल्यांना ३.२ वेळा. त्या प्रौढ स्त्रिया होत्या, तरी आमच्या डॉक्टर बाईंनी हाच मार्ग धरला. ताप, थंडी किंवा कंबरेच्या वर पाठीत दुखले तर मात्र त्याच दिवशी यायचे, कारण मग संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेलेला असू शकतो.

शाळेत कोण बोलणार, हा प्रश्न उरला. प्रत्येक शाळेत 'होकेनशित्सु', आरोग्यकक्ष, असतो. तिथल्या शिक्षिकेला भेटायला मी तयारी करून गेले, पण बोलली ती लेकच. कक्षाशेजारच्या कर्मचाऱ्यांच्या शौचालयात पाण्याचा फवारा आहे. ते वापरायची मुभा पाच मिनिटांत मिळाली.

विनयपिटकाच्या महावग्गात बुद्धांनी आजारी भिक्खूची स्वतः शुश्रूषा केल्याची कथा आपण विहारात अनेकदा ऐकतो. त्याच प्रकरणात पुढे, कोणत्या रुग्णाची शुश्रूषा सोपी होते, हेही सांगितले आहे. आपले दुखणे वाढते आहे, कमी होते आहे की तसेच आहे, हे सेवा करणाऱ्याला जसेच्या तसे सांगणे हे त्यातील एक लक्षण. ताईने ते लेकीला ऐकवले. लेक म्हणाली, "पण मग ऐकणारा मधे भाषांतर करायला लावणारा नको."

हा लेख तिने वाचला आहे आणि दोन वाक्ये खोडली आहेत. आठ महिन्यांत एकदाच त्रास झाला. या ऑक्टोबरला पुन्हा नागपूरला जायचे आहे. औषधांची वही आणि तपासणीचा अहवाल तिने आपल्या पिशवीत आधीच ठेवला आहे.