पोसोन पौर्णिमा आणि चहाच्या मळ्यातले 'परके'

श्रीलंकेत पोसोन पौर्णिमा साजरी होते ती महेंद्र थेरांच्या आगमनाची आठवण म्हणून. महेंद्र भारतातून आले. मागोमाग संघमित्रा थेरी बोधिवृक्षाची फांदी घेऊन आल्या. सिंहली समाज ज्या संस्कृतीला आपली ओळख मानतो, ती बाहेरून आलेल्यांनी रुजवली.

त्याच देशाने स्वतंत्र होताच, १९४८ साली, नागरिकत्वाचा कायदा केला. देशात जन्मलेल्यालाही अट होती : वडिलांचा, नाहीतर आजोबा आणि पणजोबा दोघांचा जन्म सिलोनमधला असल्याचे सिद्ध करा. इंग्रजांनी मळ्यांवर नेलेल्या तमिळ मजुरांकडे असे दाखले कुठून असणार? (जातीच्या दाखल्यासाठी १९५० पूर्वीचा पुरावा शोधताना आपली होणारी धावपळ आठवा.) सुमारे ७ लाख माणसे बिनदेशाची झाली. त्यांत दलित जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. १९६४ च्या शास्त्री-सिरिमाओ कराराने त्यांची वाटणी केली : सव्वापाच लाख भारताकडे, ३ लाख सिलोनकडे, उरलेल्यांचे नंतर बघू. शेवटी राहिलेल्यांना नागरिकत्व देणारा कायदा २००३ साली आला.

हे बुद्धाचे नाव घेणाऱ्या राष्ट्रवादाने केले, म्हणून आपण त्यावर बोलायचे टाळतो. मला ते पटत नाही. बाबासाहेबांच्या मसुदा समितीने आणलेले कलम ५ यासोबत वाचा. भारतात कायमचे वास्तव्य असलेल्याला स्वतःचा जन्म, आई किंवा वडिलांचा जन्म, नाहीतर ५ वर्षांचा रहिवास, यांपैकी एक पुरे होते. पणजोबा नाही, धर्मही नाही.