विसूकदस्सन आणि रोमचे कोलोसियम

उपोसथदिनी अष्टशील ग्रहण करणारे उपासक-उपासिका नृत्य, गीत व वादन यांबरोबरच ‘विसूकदस्सन’ या गोष्टीपासूनही विरत राहण्याचा संकल्प करतात. धम्मशासनाला प्रतिकूल असे देखावे पाहणे, असा या पदाचा अर्थ अट्ठकथेत दिलेला आहे. दीघनिकायातील पहिल्याच ब्रह्मजालसुत्तात अशा देखाव्यांची यादीच येते. हत्ती, घोडे, रेडे, बैल, बोकड, एडके, कोंबडे व लावे यांच्या झुंजी, दंडयुद्ध, मुष्टियुद्ध, कुस्ती, सैन्याची व्यूहरचना हे सर्व तीत समाविष्ट आहे. येथे एक शंका स्वाभाविकपणे उद्भवते. प्रेक्षक स्वतः कोणाचीही हत्या करीत नाही. मग केवळ पाहण्यास शीलाच्या दृष्टीने एवढे महत्त्व का असावे? या शंकेचे उत्तर शोधताना प्राचीन रोमच्या इतिहासाचे साहाय्य होते.

ग्रीकांची नाट्यगृहे बहुधा टेकडीच्या उतारावर खोदलेली व अर्धवर्तुळाकार असत. रोमनांचे ॲम्फिथिएटर मात्र लंबवर्तुळाकार असून मध्यभागी रिंगण व सभोवार चढत जाणारी आसने अशी त्याची रचना होती. चुना व ज्वालामुखीची राख यांपासून केलेले काँक्रीट आणि कमानी यांच्या बळावर अशी वास्तू सपाट भूमीवरही उभी राहू शकली. या प्रकारातील सर्वांत मोठी वास्तू म्हणजे कोलोसियम. सम्राट नीरोच्या प्रासादातील कृत्रिम तलावाच्या जागी व्हेस्पेशियनने तिचे काम आरंभिले आणि इ. स. ८० मध्ये त्याचा पुत्र टायटस याने तिचे उद्घाटन केले. तिची लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर व उंची ४८ मीटर आहे. ८० प्रवेशद्वारांतून सुमारे पन्नास हजार प्रेक्षक आत येत व आपापल्या सामाजिक दर्जानुसार आसनस्थ होत. टायटसनंतर डोमिशियनच्या कारकिर्दीत रिंगणाखाली तळघरे बांधण्यात आली. तेथून कप्प्यांच्या साहाय्याने हिंस्र पशू एकाएकी वर आणले जात.

या वैभवाची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचा विध्वंस केला. युद्धातील लुटीच्या धनातून ही वास्तू उभारली गेली, असे तेथील एका शिलालेखाच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या वाचनावरून दिसते. उद्घाटनाचा सोहळा १०० दिवस चालला व त्यात सुमारे ९,००० पशू मारले गेले, असे इतिहासकार डिओ कॅशियस नमूद करतो. तेथे झुंजणारे ग्लॅडिएटर बहुतांशी दास, युद्धकैदी किंवा शिक्षा झालेले अपराधी असत.

प्रेक्षकाच्या चित्तात काय घडत असे, याचे मार्मिक वर्णन ऑगस्टीनने आपला मित्र अलिपियस याच्याविषयी केले आहे. या झुंजींचा अलिपियसला तिटकारा होता. रोममध्ये असताना मित्रांनी त्याला बळेच तेथे नेले, तेव्हा त्याने डोळे घट्ट मिटून घेतले. परंतु कान उघडेच होते. जनसमुदायाची प्रचंड आरोळी ऐकताच त्याने कुतूहलाने डोळे उघडले, आणि रक्त दिसताच तो त्या दृश्यात रंगून गेला. पुढे तो स्वतःहून तेथे जाऊ लागला व इतरांनाही नेऊ लागला. प्रतीत्यसमुत्पादाचा अभ्यासक येथे स्पर्श, वेदना, तृष्णा व उपादान हा क्रम सहज ओळखील. इंद्रियांच्या द्वारी स्मृतीचा पहारा नसेल, तर तिरस्काराचे रूपांतर आसक्तीत होण्यास एक क्षणही पुरतो.

भारतात सम्राट अशोकाने इ. स. पूर्व तिसऱ्या शतकातच ‘समाज’ म्हणजे जत्रेसारखे मेळावे यांत पुष्कळ दोष असल्याचे पहिल्या शिलालेखात कोरविले. त्याच लेखात पशुबळीचा निषेध आहे. परंतु काही समाज आपणांस मान्य आहेत, असेही तो सांगतो. सर्वच आनंदोत्सव त्याला त्याज्य वाटले नाहीत, हे येथे लक्षणीय आहे.

रोममधील ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाचव्या शतकात बंद पडल्या. पशूंच्या शिकारी मात्र सहाव्या शतकापर्यंत चालू होत्या. इ. स. १९९९ पासून, जगात कोठे देहदंड रद्द झाला की याच वास्तूवर विशेष रोषणाई करण्याची प्रथा सुरू झाली. दगड तेच, कमानीही त्याच. पालटली ती माणसांची चेतना. भगवान बुद्धांनी चेतनेलाच कर्म म्हटले आहे. म्हणून ‘मी केवळ पाहत होतो’ हे समर्थन अपुरे ठरते. पाहणाऱ्याच्या मनात त्या वेळी काय वाढीस लागले, हेच सातव्या शीलाचे विचारणे आहे.