पोटाला आधार देणारे अन्न

शाळेतून निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी आम्हाला मधुमेह निघाला. उपाशीपोटी रक्त तपासले. साखर १६० भरली. निरोगी माणसाची ती १०० च्या आत असते. १२६ किंवा जास्त भरली, आणि पुन्हा तपासूनही तशीच निघाली, तर तो मधुमेह.

डॉक्टरांनी गोळी दिली. खाणे सांभाळा म्हणाले. आम्ही काय केले? खाणेच तोडले! गोळी घ्यायची आणि दुपारी नुसता चहा प्यायचा. आता साखर वाढेल कशी, असे आम्हाला वाटले.

चौथ्या दिवशी बांधावर हातपाय कापू लागले. दरदरून घाम सुटला. शेजारच्या शेतातल्या वहिनी धावत आल्या. "गुरुजी, आधी खाली बसा," म्हणाल्या, आणि त्यांनी साखरेचे पाणी पाजले. म्हणून आम्ही वाचलो. आमची साखर फार उतरली होती. ती ७० च्या खाली गेली की धोका असतो.

तेव्हा उपाशी राहणे हा उपाय नव्हे. मग खावे तरी काय?

आधी एक गोष्ट समजून घेऊ. भात, भाकरी, पोहे पोटात गेले की त्यांची साखर होते. ती रक्तात उतरते. इन्सुलिन नावाचा रस तिला रक्तातून अंगभर कामाला लावतो. मधुमेहात हा रस कमी पडतो, किंवा त्याचे काम नीट चालत नाही. मग साखर रक्तातच साचते.

आता चुलीकडे बघा. उसाचे पाचट घातले तर भसकन पेटते आणि लगेच विझते. बाभळीचे लाकूड हळूहळू जळते आणि पुष्कळ वेळ टिकते. अन्नाचेही तसेच आहे. साखर, गूळ, साबुदाणा, मऊ पांढरा भात हे पाचट. हरभरा, मूग, मटकी, मसूर हे बाभळीचे लाकूड.

१९८१ साली कॅनडातील डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सोबत्यांनी हे मोजून पाहिले. लोकांना निरनिराळे पदार्थ खायला देऊन रक्तातली साखर तपासली. ग्लुकोजला १०० अंक दिला. ज्याचा अंक ५५ किंवा कमी, ते अन्न साखर हळू वाढवते. ७० किंवा जास्त, ते झपाट्याने वाढवते. हरभरा आणि मसूर ५५ च्या पुष्कळ खाली आहेत.

कडधान्यांत चोथा असतो, प्रथिने असतात. ती सावकाश पचतात. म्हणून पोट भरल्यासारखे राहते, आणि घटकाभराने पुन्हा डबा उघडावासा वाटत नाही.

आम्ही ताट बदलले. भाताचा ढीग गेला. आता एक भाकरी, मोठी वाटी उसळ, पालेभाजी, काकडी किंवा मुळा, आणि शेवटी घासभर भात. उसाच्या रसाऐवजी पेरू चावून खातो. घरची सगळी मंडळी हेच जेवतात. वेगळा स्वयंपाक नाही.

पण अति तेथे माती. भाकरी चांगली म्हणून चार खाल्ल्या, तर साखर वाढणारच. गूळ चालतो, असेही पुष्कळजण म्हणतात. ते खोटे आहे. गूळ ही साखरच.

आणखी एक लक्षात ठेवा. घाम, कापरे, चक्कर आली तर हरभरे खात बसू नका. तेव्हा पाचटच हवे! तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच प्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही, तर पुन्हा घ्या. मग जेवा. माणूस बेशुद्ध असेल तर तोंडात काही घालू नका. त्याला तडक दवाखान्यात न्या.

गोळी आपल्या मनाने सोडू नका. खाणे बदलले तर डॉक्टरांना सांगा.

आम्ही मुलांना जन्मभर शिकवले, पण हा धडा आम्हाला बांधावर मिळाला. तुम्ही तो घरीच वाचा, आणि चारचौघांना मोठ्याने वाचून दाखवा.